नागाचं पिल्लू की धामणीचं? परसात दिसलेलं कोवळं जनावर ओळखायचं कसं आणि मग करायचं काय

पाऊस सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की फोन यायला लागतात. "दादा, नागाचं पिल्लू आहे. फणा काढतंय, अंगावर येतंय." आवाज घाबरलेला असतो, मागे बायकापोरांचा गलका ऐकू येतो. मी गाडी काढून पोचेपर्यंत कधी पंधरा मिनिटं जातात, कधी अर्धा तास. पोचल्यावर बऱ्याचदा अंगणात फरशीवर ठेचलेलं, हातभर लांबीचं, करंगळीएवढं पिल्लू पडलेलं असतं. मी ते काडीनं सरळ करतो आणि ओठ बघतो. ओठांवर काळ्या उभ्या रेघा असतात. म्हणजे धामण. विषाचा थेंब नसलेलं, पुढे आयुष्यभर त्याच घराच्या मागच्या उसातले उंदीर खाणारं जनावर.

आमचा हा कृष्णाकाठचा ऊसपट्टा. उंदीर किती नुकसान करतात ते इथे कुणाला सांगावं लागत नाही. मोठी धामण दिसली तर इथला जुना शेतकरी हात जोडून बाजूला होतो, "जाऊ द्या, धामण आहे" म्हणतो. पण तिचं पिल्लू त्याच माणसाला ओळखू येत नाही. कारण ते आईसारखं दिसत नाही, आणि वागतं तर अगदी नागासारखं. ही ओळख घरातल्या प्रत्येकाला पटावी म्हणून हे सगळं लिहितो आहे.

आधी अंतर, मग उजेड, मग फोटो

साप दिसला की पहिलं काम म्हणजे थांबायचं. निदान सहा फूट लांब राहा. पोरांना आणि कुत्र्याला घरात घ्या, मांजर असेल तर तिलाही. कुत्र्या-मांजरांमुळे साप अधिक बिथरतो, आणि मग त्याची नीट ओळख पटायची वेळच हातात राहत नाही.

एका माणसानं सापावर नजर ठेवायची. बाकीच्यांनी मागे सरायचं. नजर हटली की साप दिसेनासा होतो आणि मग रात्रभर घरात कुणाला झोप लागत नाही. काठी घेऊन उभं राहू नका. हातात काठी असली की ती चालतेच, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता फोनवर पहिलं वाक्य हेच सांगतो: आधी काठी बाहेर ठेवा.

मोबाइलनं फोटो काढा, पण जवळ जाऊन नव्हे, झूम करून. तीन फोटो पुरतात: एक डोक्याचा बाजूनं, एक मानेपासून पोटापर्यंतच्या पाठीचा, एक शेपटीचा. त्यातला डोक्याचा बाजूनं घेतलेला फोटो सगळ्यात मोलाचा. वरून काढलेल्या धूसर फोटोवरून अनुभवी माणसालाही छातीठोक सांगता येत नाही.

पिल्लू दिसतं कसं

अंड्यातून बाहेर पडतं तेव्हा धामणीचं पिल्लू साधारण सव्वा ते दीड फुटाचं असतं. जाडी पेन्सिलीपेक्षा थोडी जास्त. एवढ्याशा जाडीला एवढी लांबी, त्यामुळे ते चाबकाच्या वादीसारखं वाटतं. एकट्या शेपटीनंच साधारण पाव लांबी व्यापलेली असते आणि ती टोकापर्यंत निमुळती होत जाते.

रंग एकच सांगता येत नाही. राखाडी, शेवाळी, मातकट, फिकट तपकिरी, यातलं काहीही. पण अंगाच्या पुढच्या भागावर, मानेपासून पुढे, फिकट निळसर-राखाडी आडवे पट्टे असतात. कडेला बारीक काळी किनार. पट्टे सलग रंगवल्यासारखे ठळक नसतात, खवल्यांच्या मधून डोकावल्यासारखे दिसतात. पिल्लू घाबरून अंग फुगवतं तेव्हा खवले एकमेकांपासून दूर होतात आणि पट्टे एकदम उठून दिसतात. शांत असताना तेच पिल्लू जवळजवळ साधं वाटतं. म्हणून एकाच सापाबद्दल घरातली दोन माणसं वेगवेगळं सांगतात, आणि दोघंही खरं बोलत असतात.

वाढत्या वयाबरोबर हे पट्टे विरत जातात. मोठ्या धामणीत पुढचं अंग बहुतेक वेळा एकरंगी, पिवळसर, तपकिरी किंवा काळपट होतं. मागच्या भागावर आणि शेपटीवर मात्र काळ्या किनारीची जाळी राहते. ही जाळी पिल्लातही असते, फक्त पुसट.

आता डोक्याकडे या. खरी ओळख इथे आहे.

डोळा मोठा, डोक्याच्या मानानं फारच मोठा, आणि बाहुली गोल. एकदा पिल्लू न्हाणीतल्या घंगाळ्यामागे अडकलं होतं. बॅटरीचा उजेड पडला तेव्हा पहिल्यांदा दिसला तो डोळाच. काळीभोर बाहुली आणि भोवती सोनेरी कडं. ते माझ्या हाताच्या हालचालीबरोबर डोकं फिरवत होतं. धामण दिवसा, नजरेच्या जोरावर शिकार करणारी आहे. एवढ्या मोठ्या डोळ्याचं कारण तेच.

आणि ओठ. वरच्या आणि खालच्या ओठांचे खवले फिकट, पांढुरके किंवा पिवळसर असतात आणि दोन खवल्यांच्या सांध्यावर काळी उभी रेघ असते. एक नाही, ओळीनं अनेक. जणू कुणी टाके घालून ओठ शिवले आहेत. मोठ्या धामणीतही त्या असतात, पण पिल्लाच्या छोट्या तोंडावर त्या फार सुबक दिसतात. एकच खूण लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

फोटो चांगला आला असेल तर आणखी एक गोष्ट बघता येते. धामणीच्या नाकपुडीच्या आणि डोळ्याच्या मधल्या जागेत छोटे-छोटे खवले असतात, बहुधा तीन. नागात ते नसतातच. नागाच्या वरच्या ओठाचा तिसरा खवला मोठा असतो आणि तोच वर जाऊन एकीकडे नाकाच्या खवल्याला आणि दुसरीकडे डोळ्याला टेकतो. सर्पमित्र फोटो मागतो तो हेच पाहायला.

स्वभाव: ज्याला सगळे राग म्हणतात

धामणीचं पिल्लू मवाळ नसतं. बिनविषारी म्हणजे गरीब, असं समजून कुणी हात घातला तर चावतं, आणि एकदा नाही, लागोपाठ चावतं. त्याच्याजवळ विष नाही, नागासारखा फणा नाही, घोणशीसारखं जाड अंग नाही. बगळा, भारद्वाज, मुंगूस, मांजर, कोंबडी, मोठा साप, सगळ्यांचा हा घास. अशा जिवाकडे दोनच उपाय उरतात: पळणं, आणि पळता नाही आलं तर आपण फार भयंकर आहोत असं भासवणं.

क्रम नेहमी साधारण असाच असतो. आधी थिजून राहतं, फक्त जीभ चालू. मग संधी मिळाली की सुसाट पळतं, तेही सरळ रेषेत नाही, आडोशाकडे. धामण आपल्याकडच्या सगळ्यात चपळ सापांपैकी एक, आणि पिल्लूही त्याला अपवाद नाही. झाडावर, भिंतीच्या खडबडीवर, जाळीवर सहज चढतं. पाण्यात पडलं तर छान पोहतं.

पळायची वाट बंद असली की मात्र चित्र बदलतं. पुढचं अंग वाकड्या इंग्रजी एससारखं मागे ओढून घेतं, गळा फुगवतं, तोंडानं फुत्कारतं आणि झडप घालतं. मोठी धामण अशा वेळी मांजर गुरगुरावं तसा घुमणारा आवाज काढते. पिल्लाचा आवाज एवढा खोल नसतो, पण आव तोच. स्वयंपाकघरात सिलिंडरमागे सापडलेल्या एका पिल्लानं माझ्या बुटावर सहा-सात झडपा घातल्या. त्यातल्या निम्म्या तोंड मिटून होत्या. मी दोन पावलं मागे सरलो, दाराकडची वाट मोकळी केली, आणि तेच "अंगावर येणारं" पिल्लू भिंतीच्या कडेनं सरसरत बाहेर गेलं. वळूनसुद्धा पाहिलं नाही.

लोक त्या फुगवलेल्या गळ्याला फणा म्हणतात आणि सगळी गफलत तिथेच होते. फरक एकदा डोळ्यांत बसला की विसरत नाही. नाग मानेच्या बरगड्या दोन्ही बाजूंना पसरवतो, म्हणून त्याचा फणा समोरून किंवा मागून रुंद दिसतो, सुपासारखा. धामण गळा वर-खाली फुगवते, म्हणून ती बाजूनं पाहिली तरच मान रुंद दिसते. समोरून पाहिलं तर उलट चपटी, अरुंद. शिवाय नाग पुढचं अंग सरळ उभं करून डोलतो, धामण वेडंवाकडं मागे घेऊन उसळते.

कात टाकायच्या आधीचे काही दिवस पिल्लू जास्तच चिडकं असतं. डोळ्यांवर दुधी-निळसर पडदा येतो, नीट दिसत नाही, म्हणून सावली हलली तरी झडप घालतं. वाढीच्या वयात कात वरचेवर टाकली जाते, त्यामुळे असा दुधी डोळ्यांचा साप दिसणं नवलाचं नाही. तो आंधळा नाही, आजारी नाही. चार-सहा दिवस त्याला त्याच्या बिळात राहू द्या.

आणि डूख. "आज सोडलं तर उद्या डूख धरून येईल" हे वाक्य प्रत्येक वस्तीवर कुणीतरी म्हणतंच. सापाला माणसाचा चेहरा लक्षात ठेवून सूड उगवता येत नाही. तो परत दिसला तर त्याला तिथे बेडूक, पाली किंवा लपायला जागा मिळतेय एवढाच त्याचा अर्थ. धामण शेपटीनं मारते आणि तिच्या शेपटीत विष असतं, गाईचे पाय बांधून दूध पिते, ही दोन्ही खोटी. सापाचं विष दातांतून येतं आणि सापाला दूध ओढून पिता येत नाही.

ज्यांच्याशी गल्लत होते ते

नागाचं पिल्लू धामणीच्या पिल्लापेक्षा बहुधा आखूड, साधारण फूटभर किंवा कमी. पण ते जन्मल्या दिवसापासून विषारी असतं आणि फणाही काढतं. गळ्याखाली गडद आडवा पट्टा, फण्यावर बहुतेक वेळा दहाचा आकडा, ओठांवर ओळीनं काळ्या रेघा नाहीत. फणा मिटवून पळणारा नाग मात्र पटकन ओळखू येत नाही, हे मान्य करायला हवं.

मण्यार सगळ्यात धोक्याची. चकचकीत काळं किंवा निळसर काळं अंग, त्यावर पांढरे बारीक पट्टे, बहुधा जोडीनं. मोठ्या मण्यारीचे पट्टे मागे ठळक आणि मानेकडे पुसट होतात, पण लहान मण्यारीत ते पुढपर्यंत असू शकतात. म्हणून केवळ "पट्टे पुढे आहेत, म्हणजे धामण" असा निष्कर्ष कधीही काढू नका. डोळा बघा: मण्यारीचा डोळा छोटा, काळा मणी. आणि वेळ बघा. मण्यार रात्री फिरते, धामण दिवसा. रात्री घरात, अंथरुणाजवळ पट्ट्यांचा छोटा साप दिसला तर तो मण्यारच आहे असं धरून वागायचं, मग भले तो कवड्या निघो. कवड्याही रात्रीचाच, तपकिरी अंगावर पांढरट-पिवळट पट्टे असलेला आणि बिनविषारी.

धूळनागिणीचं पिल्लूही आडव्या पट्ट्यांचं असतं, दिवसा फिरतं आणि डिवचलं की मान चपटी करतं. तस्कराच्या पिल्लाच्या मानेवर दोन काळ्या उभ्या रेषा असतात आणि तेही एस करून झडप घालतं. पाण्याजवळच्या दिवडाच्या डोळ्याखाली आणि मागे मिळून दोन तिरक्या काळ्या रेघा असतात, दोनच. तिघंही बिनविषारी. घोणस आणि फुरसं यांचं अंग आखूड, जाड, खवले खरखरीत, डोकं मानेपासून स्पष्ट वेगळं, बाहुली उभी. धामणीच्या वादीसारख्या अंगाशी त्यांचा मेळ बसत नाही.

शंका राहिली तर साप विषारी समजायचा. देशभरातल्या मृत्यूंच्या अभ्यासातून २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं वर्षाला सरासरी सुमारे ५८,००० माणसं दगावली असा अंदाज निघाला आहे. हा लेख वाचून कुणी साप हातात घेण्याचं धाडस करू नये म्हणून हा आकडा इथे देतो. ओळख ही न मारण्यासाठी आहे, पकडण्यासाठी नाही.

घरात शिरलंय, आता काय

बाहेर जाणारं एक दार पूर्ण उघडा. बाकीच्या दारांच्या फटींना पोती किंवा जाड टॉवेल लावा. घरातली हालचाल थांबवा आणि उघड्या दाराच्या समोर कुणी उभं राहू नका. धामणीचं पिल्लू असेल तर बहुतेक वेळा एवढंच पुरतं. रॉकेल, फिनेल, मिरचीची धुरी यांपैकी काही करू नका. त्यानं साप बाहेर जाण्याऐवजी आणखी आत, पेटीखाली किंवा भिंतीच्या भेगेत शिरतो.

अंगणात, परसात, गोठ्याच्या कडेला दिसलं तर काहीच करायचं नाही. जाऊ द्यायचं.

हौदात किंवा रिकाम्या टाकीत पडलं तर लाकडाची खडबडीत फळी तिरकी सोडून बाजूला व्हा. ते आपलं आपण वर येतं.

जाळ्याचं मात्र वेगळं आहे. भाजीच्या वाफ्यावरची, कोंबड्यांच्या खुराड्याची, मासे धरायची बारीक नायलॉनची जाळी हा धामणीचा मोठा शत्रू. पिल्लू भोकातून निम्मं जातं, मग अडकतं आणि जितकं ओढतं तितका धागा खवल्यांखाली रुततो. स्वतः कात्री घेऊन सोडवायला जाऊ नका, ते जिवाच्या आकांतानं चावेल. त्याच्यावर सावली येईल असं काहीतरी लांबून उभं करा, कारण भर उन्हात अडकलेला साप फार वेळ तग धरत नाही, आणि लगेच मदत बोलवा. वापरात नसलेली जाळी गुंडाळून आत ठेवा, एवढी सवय लावून घेतली तरी किती जीव वाचतात.

महाराष्ट्रात वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. वनखात्याकडे नोंद असलेल्या सर्पमित्राचा नंबर आधीच फोनमध्ये ठेवा, साप आल्यावर शोधत बसू नका. पिल्लू पकडलं गेलं तर ते जवळच्याच झुडपात किंवा बांधावर सोडायला सांगा. लांबच्या डोंगरात सोडलेल्या सापाला तिथली लपायची जागा, पाणी, भक्ष्य यांतलं काहीच ठाऊक नसतं. बरणीत घालून पोरांना दाखवायला ठेवणं तर नकोच. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार धामण संरक्षित आहे, तिला मारणं किंवा पाळणं हा गुन्हा आहे.

चावलं तर

धामणीच्या पिल्लाचा चावा बोरीच्या काट्यानं ओरबाडल्यासारखा लागतो. बारीक दातांची ओळ उमटते, थोडं रक्त येतं. पण हे मी सांगतोय ते साप डोळ्यांनी ओळखून. तुम्हाला खात्री नसेल, आणि बहुतेकांना ती त्या घाईत नसतेच, तर पान लागलंय, म्हणजे विषारी साप चावलाय, असं समजून सरळ सरकारी रुग्णालय गाठा. व्रणावरून साप ओळखत बसू नका. मण्यारीचा चावा कित्येकदा दुखतही नाही, खूणही दिसत नाही.

अंगठी, बांगड्या, कडं काढा. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. चालवत नेऊ नका, १०८ ला फोन करा किंवा गाडीत झोपवून न्या. आवळून दोरी बांधणं, ब्लेडनं कापणं, तोंडानं ओढणं, मांत्रिकाकडे नेणं, यांतलं काहीही नाही. साप मारून सोबत नेण्याचीही गरज नाही, लांबून काढलेला फोटो पुरतो. धामणच होती असं ठरलं तरी जखम डॉक्टरांना दाखवून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

अंडी सापडली तर

धामण साधारण ६ ते १५ अंडी घालते. जुनं बीळ, वारुळ, दगडी ताल (दगडांचा बांध), पाचटाचा ढीग, जिथे ऊब आणि ओल दोन्ही टिकते अशी जागा. अंडी पांढरी, लांबट, कवच कोंबडीच्या अंड्यासारखं टणक नव्हे, चामड्यासारखं, बोटानं दाबलं तर किंचित आत जाणारं. पिल्लं बाहेर यायला साधारण दोन महिने लागतात.

खणताना अंडी उघडी पडली तर शक्य असेल तिथे तसंच झाकून टाका आणि काम दुसऱ्या बाजूनं सुरू करा. ती हलवणं अगदीच भाग असेल तर १९२६ ला कळवा. येणारा माणूस हलवण्याआधी प्रत्येक अंड्यावर वरच्या बाजूला पेन्सिलीनं खूण करतो, कारण अंडं उलटं झालं तर आतला जीव दगावू शकतो. खूण वरच ठेवून ती उचलायची असतात.

दोन वर्षांपूर्वी आमच्याच मळ्यात पाइपलाइनसाठी चर खणताना अकरा अंडी उघडी पडली. जेसीबीवाल्या मामांनी यंत्र बंद केलं आणि स्वतःच खाली उतरून आले. आम्ही पाइप चार फूट वळवून नेला, माती आणि ओलं पाचट परत लोटलं, वर एक फुटकं सूप उपडं घातलं. कुणीही तिकडे फिरकायचं नाही असं पोरांना बजावलं. ऑगस्टमध्ये एका सकाळी आई परसात भांडी घासत होती, तिनं हाक मारली. तालीच्या भेगेतून एक डोकं बाहेर आलेलं, करंगळीच्या नखाएवढं. मोठे डोळे, ओठांवर शिवण घातल्यासारख्या काळ्या रेघा. आईनं तवा खाली ठेवला, पाणी बंद केलं आणि ते बाहेर पडून कर्दळीत शिरेपर्यंत जागची हलली नाही. दुपारी सूप उचलून पाहिलं तर दहा रिकामी टरफलं होती, आणि अकराव्याला नुकती चीर गेली होती.